यंदा बोरेगोत फुलं नाहीत

सॅन दिएगोहून पूर्वेला निघून डोंगर ओलांडला, की दोनेक तासांत बोरेगो स्प्रिंग्ज हे गाव लागतं. गावाच्या चारही बाजूंना अँझा-बोरेगो वाळवंट उद्यान आहे, सहा लाख एकरांहून मोठं. वर्षाचा पाऊस सरासरीने दीडशे मिलिमीटरच्या आसपास. पण सरासरीवर इथे कुणी विसंबत नाही. एखाद्या वर्षी तिच्या दुप्पट पडतो, एखाद्या वर्षी नुसते ढग येऊन जातात. पावसाने साथ दिली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये गावाच्या उत्तरेला, हेंडरसन कॅन्यन रोडच्या दोन्ही अंगांना वाळू पिवळीधमक होते. हा पिवळा रंग बहुतेक एकाच फुलाचा. शास्त्रीय नाव जेरिया कॅनेसन्स. इथले लोक त्याला डेझर्ट सनफ्लॉवर म्हणतात, म्हणजे वाळवंटी सूर्यफूल, आणि ते आहेही सूर्यफुलाच्याच कुळातलं. पांढुरक्या लवेची पानं, चार-पाच सेंटिमीटर रुंदीचं सोनेरी फूल. एका हंगामात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि वाळून जायचं.

हिवाळ्यात आम्ही मुलीकडे राहायला आलो होतो. सोबत माझा मेव्हणा होता, म्हणजे तिचा मामा. तो मूळचा माणदेशातला, घरची कोरडवाहू शेती; साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. मुलगी इथे नोकरी करते आणि हिवाळ्यातल्या सुटीच्या दिवशी बोरेगोत तण उपटणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर जाते. ती आम्हाला फुलं दाखवायला घेऊन गेली, आणि यंदा पाऊस नसल्यामुळे फुलं नव्हती. घरी परतल्यावर जेवणाच्या टेबलावर मामा-भाचीत जो वाद झाला, तो मी इथे मांडतो आहे. दोघांचंही या फुलावर मनापासून प्रेम आहे. ते कसं करावं, यावर मात्र त्यांचं जुळत नाही.

भाची : मामा, मला फार वाईट वाटतंय. एवढ्या लांब नेलं आणि दाखवायला काही नाही. २०१७ किंवा २०१९ चा मार्च बघायला हवा होता तुम्ही. रस्त्यापासून पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत पिवळं, मधूनच वाळूतल्या व्हर्बिनाचा जांभळा पट्टा.

मामा : काही नाही असं कसं म्हणतेस? सगळं होतं की. मी गुडघे टेकून भिंग लावून बसलो होतो, तेव्हा तू आणि दाजी गाडीत जाऊन बसलात. त्या काटक झुडपाच्या बुंध्याशी वाऱ्याने कचरा साचवलेला असतो ना, त्यात सापडलं मला. चपटं, पाचरीच्या आकाराचं, काळपट, आणि कडेने पांढऱ्या लांब केसांची झालर. वर दोन बारीक टोकं. केस इतके दाट, की वाळूचे कण त्यात अडकून बसलेले. तेच तुझं फूल आहे.

भाची : ते बी आहे, मामा.

मामा : अगं, या झाडाचं आयुष्य मोज ना नीट. उगवल्यापासून वाळेपर्यंत काही महिने. त्याआधी मातीत किती? एक उन्हाळा तरी नक्कीच, आणि नशिबात नसेल तर कित्येक वर्षं. जो जीव आयुष्याचा मोठा भाग बी होऊन काढतो, तो मुळात बीच. फूल म्हणजे त्याने नवं बी करण्यासाठी केलेली चार दिवसांची सोय. तुम्ही लोक त्या चार दिवसांसाठी गाड्या भरभरून येता, आणि बाकीच्या काळात तिथे काहीच नाही असं समजता. मला खटकतं ते हे.

भाची : मी नाही तसं समजत. पण फुलाला नुसती सोय म्हणणं मला पटत नाही. फुलांचं वर्ष आलंच नाही तर मातीतला साठा भरणार कशाने? उंदरं खातात, मुंग्या खातात. रात्री टॉर्च घेऊन बसलं तर कांगारू रॅट हे उड्या मारणारे उंदीर गालाच्या थैल्या भरभरून बी नेताना दिसतात. साठा सारखा घटत असतो. एक चांगलं वर्ष तो पुन्हा भरून टाकतं. म्हणजे फूल हे त्या झाडाचं सुगीचं वर्ष आहे.

मामा : हे बरोबर आहे. ॲरिझोनातल्या पोर्टल गावाजवळ जेम्स ब्राउन यांनी १९७७ मध्ये कुंपणं घालून उंदीर आणि मुंग्या वेगवेगळ्या काढून बघितल्या, तर आतल्या वर्षायू झाडांची सगळी मांडणीच बदलत गेली. बी खाणारे कोण आहेत, यावर वाळवंटात काय फुलणार हे ठरतं. पण त्यावरून माझंच म्हणणं सिद्ध होतं. खरी लढाई जमिनीखाली चाललेली आहे. फुलांची गर्दी हा तिचा निकाल, आणि तोही काही वर्षांनी एकदा लागणारा.

भाची : ठीक आहे. पण मग ते बी पाऊस आल्याबरोबर का उगवत नाही? डिसेंबरात एक सर आली होती यंदा. दुसऱ्या दिवशी माती ओली होती, मी बघितली होती.

मामा : सर आली, पण पुरेशी आली नाही. बी.एस्सी.च्या पोरांना मी फ्रिट्स वेंट यांचा ओटच्या कोंबाचा प्रयोग शिकवायचो. १९२८ चा. ऑक्झिन हे झाडांच्या वाढीचं द्रव्य त्यातून कळलं. हेच वेंट पुढे इथे आले, पॅसाडीनाला, कॅलटेकमध्ये. त्यांनी जोशुआ ट्री भागातली वरची माती खरवडून प्रयोगशाळेत आणली, तबकांत पसरली आणि तिच्यावर कृत्रिम पाऊस पाडला. हलका पाऊस पाडला, तर काही उगवलं नाही. पंचवीस मिलिमीटरच्या आसपास पाडला, तर भरभरून उगवलं. मग त्यांनी तबकाला खालून पाणी दिलं, माती अगदी चिंब केली. तरी उगवलं नाही.

भाची : खालून दिलेलं पाणी पाणीच असतं ना?

मामा : पाणी आहे, पण ते धूत नाही. बियांच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात. वरून पाऊस पडून मातीतून झिरपत खाली गेला, तरच ती धुऊन निघतात. बियाला नुसती ओल कळून भागत नाही. वरून किती पाणी गेलं ते कळावं लागतं. आणि तेवढ्यानेही भागत नाही. गारवा लागतो. तेच पाणी उन्हाळ्यात पडलं तर दुसरीच झाडं उगवतात, हिवाळ्यातलं बी गप्प राहतं. आधी एक कडक उन्हाळाही मातीत काढलेला असावा लागतो, त्याशिवाय बी तयारच होत नाही. इतकी खात्री करून घेऊन मग ते उगवतं. तरीसुद्धा सगळं उगवत नाही, आणि मला सगळ्यात थोर वाटतं ते हे. एकाच झाडाच्या बिया, एकाच वावरातल्या, एकाच पावसात भिजलेल्या. काही उगवतात, काही थांबतात.

भाची : का थांबतात? पाऊस पुरेसा झालाय हे कळल्यावरसुद्धा?

मामा : पुढचा येईल याची खात्री कुणाला आहे? तुझ्या आजोबांनी आयुष्यभर हाच हिशोब केला. मृगाच्या पहिल्या पावसाला सगळं बी जमिनीत टाकायचे नाहीत ते. एक पोतं माळ्यावर ठेवायचे. पाऊस दडी मारून बसला आणि उगवलेलं करपलं, तर दुबार पेरणीला काय घ्यायचं? ज्यांनी सगळं एकदम पेरलं, ते सावकाराच्या दारात गेले. या सूर्यफुलाला सावकार नाही. सगळं उगवलं आणि जानेवारीत पाऊस थांबला, तर वंश तिथेच संपला.

(माझ्या सासुरवाडीला त्या पोत्याला कुणी हात लावायचा नाही, अशी सासऱ्यांची शिस्त होती. घरात ज्वारी संपली तरी ते पोतं सोडत नसत. मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो कंजूषपणा वाटला होता.)

भाची : मला आकड्यात सांगा ना. मी हिशोबाची माणूस आहे.

मामा : सांगतो. दान कोहेन नावाच्या इस्रायली शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हे गणितात बसवलं. आपण सोपं करून घेऊ. समज, चांगल्या वर्षी उगवलेल्या एका बियापासून वीस बिया होतात. वाईट वर्षी उगवलेलं सगळं मरतं. एक वर्ष चांगलं, एक वाईट. मातीत नासणारं, खाल्लं जाणारं सध्या सोडून देऊ. सगळं उगवणाऱ्या झाडाचं काय होईल?

भाची : चांगल्या वर्षी वीसपट. वाईट वर्षी शून्य.

मामा : आणि पुढे?

भाची : शून्यच. वीस गुणिले शून्य.

मामा : हं. वर्षांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. गुणाकारात एक शून्य आलं की संपलं, मग आधी किती कमावलं होतं त्याला अर्थ नाही. आता अर्धं उगवणारं घे.

भाची : चांगल्या वर्षी अर्ध्याचे वीसपट म्हणजे दहा, अधिक थांबलेलं अर्धं, साडेदहा. वाईट वर्षी अर्धं उरलं. साडेदहा गुणिले अर्धं... सव्वापाच. दोन वर्षांत सव्वापाचपट!

मामा : आणि चौथा हिस्साच उगवणारं?

भाची : पाच अधिक पाऊण, पावणेसहा. गुणिले पाऊण. चारच्या थोडं वर. म्हणजे जास्त सावध राहिलं तरीही तोटा.

मामा : बघ. म्हणून भित्रेपणाही उपयोगाचा नाही आणि धाडसही नाही. किती थांबायचं हे त्या जागेच्या पावसाच्या लहरीवर ठरतं. आणि हे कागदावरचंच नाही बरं का. ॲरिझोनातल्याच टुसॉन शहराच्या कडेला ट्युमामॉक टेकडीवर १९०३ पासून वाळवंटी वनस्पतींची प्रयोगशाळा आहे, कार्नेगी इन्स्टिट्यूशनने सुरू केलेली. तिथे लॉरेन्स व्हेनेबल यांनी १९८२ पासून ठरावीक तुकड्यांतली वर्षायू झाडं दर हिवाळ्यात मोजायला घेतली. किती उगवली, किती जगली, किती बी झालं. दशकानुदशकं. त्यातून दिसलं, की ज्या जातीचं उत्पन्न वर्षागणिक जास्त हेलकावे खातं, त्या जातीचं बी कमी प्रमाणात उगवतं. ज्या जातीला बेभरवसा जास्त, ती जास्त बी मागे ठेवते. कोहेननी कागदावर मांडलेलं टेकडीवर उगवून आलेलं दिसलं. गुडघे टेकून रोपं मोजत एवढी वर्षं काढणाऱ्या त्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे.

भाची : मामा, हे मी ऐकलं, कळलं, आणि आता मी तुम्हाला तुमच्याच वाळूतलं काहीतरी विचारते. यंदा तिथे काहीच उगवलं नव्हतं म्हणता. रस्त्याच्या कडेला हिरवं काय होतं?

मामा : ती मोहरी.

भाची : सहारा मोहरी. आपल्या फोडणीतल्या मोहरीच्याच प्रजातीतली. उत्तर आफ्रिका, पश्चिम आशिया, भूमध्य समुद्राच्या कडेची. कॅलिफोर्नियात कोचेला खोऱ्यात १९२७ मध्ये पहिल्यांदा नोंद झाली, बहुधा खजुराच्या रोपांबरोबर आली. ती यंदाही उगवली. वीतभर वाढली आणि शेंगा धरून मोकळी झाली. तुमचं थोर सूर्यफूल पंचवीस मिलिमीटरची वाट बघत बसलं, आणि हिने चार थेंबांत उरकलं.

मामा : हं.

भाची : चांगल्या वर्षी तर बघवत नाही. ती आधी उगवते, डिसेंबरातच पानं जमिनीवर पसरून चक्र धरते. सूर्यफुलाचं रोप दोन पानांवर येतं तेव्हा वर मोहरीचं छप्पर असतं. ओल तिने आधीच ओढलेली. मोठ्या झाडाला हजारो बिया होतात. बी ओलं झालं की चिकट होतं, टायरला, बुटाला लागून पुढे जातं. वाळलेलं झाड वाऱ्याबरोबर गडगडत जातं आणि बी सांडत जातं. हेंडरसन कॅन्यन रोडवर पूर्वी जिथे पिवळ्याशिवाय काही दिसत नव्हतं, तिथे काही वर्षी मोहरीच्या वाळक्या काटक्या जास्त दिसल्या. मग तुमच्या त्या गणितात हे कुठे बसतं? थांबणाऱ्याचं भलं होतं ना?

मामा खरोखरच काही वेळ बोलला नाही. मला वाटतं, या वादातला सगळ्यात जड मुद्दा हाच होता. धीर धरणाऱ्याची स्तुती करायला आपल्याला आवडतं. पण तो धीर ज्या परिस्थितीत घडला, ती परिस्थितीच बदलली तर त्या धीराचं काय करायचं, याला सोपं उत्तर नाही.

मामा : गणित चुकलेलं नाही. त्यात फक्त पाऊस हाच एक वैरी धरला होता. आपल्या जागेवर आधीच येऊन बसणारा पाहुणा त्यात नव्हता. ज्या वर्षी सूर्यफूल उगवतं ते वर्ष चांगलं असलं पाहिजे, तरच मागे ठेवलेल्या बियाला अर्थ. मोहरीने चांगली वर्षंच खाल्ली, तर मागे ठेवलेलं उगवेल आणि सावलीत मरेल. म्हणजे पावसाचं वर्ष चांगलं आणि झाडाचं वर्ष वाईट. हे वाईट आहे, पोरी. फार वाईट आहे.

भाची : आणि पाऊसही तसा राहिलेला नाही. ट्युमामॉकच्याच नोंदींत आहे ना, की हिवाळी पाऊस उशिरा सुरू व्हायला लागला?

मामा : हो. पूर्वीपेक्षा जास्त थंडीत उगवण होते आहे, आणि म्हणून थंडी सोसणाऱ्या जाती तिथे वाढल्या, दुसऱ्या मागे पडल्या. एकूण हवा तापत असताना थंडी सोसणाऱ्यांचं फावलं. कुणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

भाची : म्हणून मी म्हणते, बी स्वतःला वाचवू शकत नाही आता. माणसांनी जाऊन मोहरी उपटावी लागते. कोचेला खोऱ्यातल्या वाळूत अभ्यास झालाय. हाताने मोहरी काढलेल्या जागी देशी फुलं चांगली वाढली. आमच्या गटात निवृत्त शिक्षिका आहेत, नौदलात होते असे एक आजोबा आहेत, कॉलेजची मुलं आहेत. प्रत्येकाला विचारा इथे का आलात. एकही जण बी बघून आलेला नाही. प्रत्येकाने कधीतरी फुलांचं एक वर्ष बघितलंय. फूल नसतं तर ते हात आलेच नसते.

मामा : आणि त्याच फुलाने बाकीचे किती आणले? २०१७ मध्ये बोरेगोत काय झालं ते तूच सांगितलं होतंस मला फोनवर.

भाची : गाव साडेतीन हजार वस्तीचं आणि गाड्यांची रांग डोंगराच्या घाटापर्यंत. हॉटेलांतलं खाणं संपलं, शौचालयं पुरली नाहीत. हो, ते झालं.

मामा : आणि २०१९ मध्ये लेक एल्सिनोरला. तिथली ती केशरी खसखशीची फुलं. माणसं फोटोसाठी उतारावर लोळली. शेवटी २०२३ मध्ये फुलं येताच नगरपालिकेने वॉकर कॅन्यन ही फुलांची घळच बंद करून टाकली. मला हे नवीन नाही. कासला मी हेच पाहिलं. एकेकाळी विद्यार्थ्यांना घेऊन जायचो तेव्हा पठारावर आम्ही आणि गुराखी. २०१२ ला जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाट गेला, कासचं नाव झालं, आणि शनिवार-रविवारी सातारा रस्ता तुंबायला लागला. सोनकीच्या पिवळ्या शेतात लोक पाय रोवून उभे. सोनकीही सूर्यफुलाच्याच कुळातली, वर्षायूच. पण तिचं नशीब बघ. कासला पाऊस येणार हे ठरलेलं. बोरेगोच्या फुलाला तो आधार नाही. चिरडलेल्या एका झाडाचं बी म्हणजे पुढच्या दहा वर्षांतल्या एखाद्या पावसाचं भांडवल गेलं.

भाची : कासला नंतर संख्येवर मर्यादा आणली, आधी नोंदणी करायची पद्धत आणली. गर्दीला शिस्त लावता येते. पण कुणाला ठाऊकच नसलेल्या जागेला वाचवणार कसं? मामा, माणदेशातल्या माळाला सरकारी कागदात काय म्हणतात?

मामा : पडीक.

भाची : देशभरच्या पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ माळ आणि झुडपी रानं धरलेली असतात. का? कारण तिथे बघायला कुणी जात नाही. पडीक म्हटलं की मग कारखाना आणा, खाण काढा, काहीही करा. कासला पडीक म्हणायची आता कुणाची हिंमत आहे का? ती जागा फुलांनी वाचवली. गर्दीने, तुम्हाला आवडत नाही त्या गर्दीने वाचवली.

मामा : आणि गर्दी फुलांच्याच जागेला मान देते, हे विसरू नकोस. जिथे फुलत नाही ते तिच्या लेखी पडीकच राहतं. बोरेगोला लागूनच ओकोटिलो वेल्स आहे, पंचाऐंशी हजार एकर, वाळूतून गाड्या उडवायला खुलं. तिथेही चांगल्या पावसाला सूर्यफूल येतं. पण ज्या वर्षी येत नाही, त्या वर्षी त्या चाकांखाली काय दळलं जातंय ते कुणी बघतं का? १९४२ मध्ये जनरल पॅटनच्या हाताखाली मोहावी वाळवंटात रणगाड्यांचा सराव झाला. त्या रणगाड्यांचे माग आजही जमिनीवर दिसतात. वाळवंटातली जमीन इतक्या हळू भरून येते. वरचे एक-दोन सेंटिमीटर, तेवढाच काय तो तिचा जीव. बुरशी, शेवाळ, जिवाणू यांनी धरून ठेवलेली खपली असते, आणि त्याच एक-दोन सेंटिमीटरमध्ये सगळं बी असतं. मला सांग, हे वाचवायला फुलांचे फोटो कसे उपयोगी पडतील?

भाची : फोटो बघून आलेल्यांपैकी काही जण तण उपटायला थांबतात, म्हणून. दुसरा कुठला रस्ता मला माहीत नाही.

मामा : रस्ता आहे. फुलं नसलेल्या वर्षी लोकांना तिथे न्यायचं. आज नेलंस तसं. हातात भिंग द्यायचं आणि म्हणायचं, शोधा. सहावी-सातवीच्या पोरांना ने. त्या झालरीच्या बिया सापडल्या की पोरं वेडी होतात, हा माझा अनुभव आहे. गवताच्या, सोनकीच्या, कुर्डूच्या बिया दाखवल्यात मी. ज्याने बी शोधलंय त्याला तिथून गाडी घालायला सांगून बघ.

भाची : चांगली कल्पना आहे. पण त्या पोरांनी कधीतरी फूलही बघितलं पाहिजे ना? बी कशाचं ते कळल्याशिवाय शोधणार काय? मामा, २०१९ च्या मार्चमध्ये मी एका झाडाजवळ बसले होते. एकाच झाडाला मोजता येणार नाहीत इतकी फुलं. जवळून बघितलं तर मधल्या चकतीतलं एकेक फूल वेगळं उमलत होतं, कडेकडून आत. कडेच्या त्या सोनेरी पाकळ्या म्हणतो, त्याही फुलंच, पण वांझ. नुसत्या दिसण्यासाठी. बी सगळं आतल्या बारीक फुलांना. त्यांच्यावर बारक्या मधमाश्या परागात लडबडून चाललेल्या. खाली वाळूत पांढऱ्या पट्ट्यांच्या स्फिंक्स पतंगाच्या अळ्या, बोटाएवढ्या जाड, शेकड्यांनी. आणि आकाशात स्वेन्सनचे बाज, अर्जेंटिनाहून उत्तरेला निघालेले, त्या अळ्या खायला बोरेगोत उतरलेले. हे सगळं त्या चार दिवसांवर जगतं. बी मातीत असताना यांतलं काहीच नसतं.

मामा : अर्जेंटिनाहून?

भाची : हो. दर वसंतात याच खोऱ्यावरून जातात. लोक टेकडीवर बसून मोजतात.

मामा : वांझ पाकळ्यांचं लक्षात होतं माझ्या. बाजांचं नव्हतं माहीत.

मी मध्ये बोललो. म्हटलं, अरे, तुम्ही दोघं एकाच झाडाची दोन टोकं धरून ओढताय. मामाने मला गप्प केलं. म्हणाला, "दाजी, तसं नाही. दोन्ही टोकं सारखी नाहीत. फूल नाही आलं तर एक वर्ष जातं. माती गेली तर सगळी वर्षं जातात." माझा कल इथे त्याच्याकडे आहे. पैसा, माणूस आणि लक्ष कमी असताना ते आधी कुठे लावायचं, हा प्रश्न खरा आहे, आणि दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत असं म्हणून तो सुटत नाही. उद्यानाने फुलांच्या हंगामात रस्त्यावर माणसं उभी करावीत, की कोरड्या वर्षी चाकांचे माग रोखावेत? दोन्ही करायला पैसा पुरत नाही, तेव्हा दुसरं आधी. पण मुलीने त्यावर जे विचारलं तेही खरं होतं.

भाची : मामा, कोरड्या वर्षी चाकं रोखायला मत कोण देणार? पैसा कोण देणार? ज्यांनी फूल बघितलंय तेच.

मामा : असेल तसं. मी तुमच्या राजकारणात पडत नाही. मला एवढं सांग, तुम्ही मोहरी उपटता म्हणजे माती उकरली जात असणार. मुळाबरोबर वरची खपली येते, बी वर-खाली होतं. हे कसं चालतं?

भाची : कुदळ वापरत नाही. पावसानंतर वाळू ओली असतानाच जायचं, तेव्हा मूळ अख्खं सुटतं. एका हाताने बुंध्याजवळ माती दाबून धरायची, दुसऱ्या हाताने सरळ वर ओढायचं, तिथल्या तिथे मुळं झटकायची. शेंगा धरलेल्या असतील तर झाड पिशवीत भरून बाहेर न्यायचं. नुसतं उपटून टाकलं तर शेंगा पडल्या जागी पिकतात. चालायचं ते ओढ्याच्या वाळूतून, खपलीवरून नाही. आणि निघताना बूट घासून पुसायचे.

मामा : सूर्यफुलाचं रोप आणि मोहरीचं रोप लहानपणी ओळखता येतं सगळ्यांना? दोन पानांवर असताना?

भाची : नाही येत. पहिल्या वर्षी मीही चुकीचं उपटलंय. म्हणून नवीन माणसाला आधी मोठी झाडंच देतो.

मामा : ओळख सोपी आहे. सूर्यफुलाच्या पानावर पहिल्यापासून पांढरी लव असते, हाताला मऊ लागते. मोहरीचं पान खरखरीत, कडा कातरलेल्या. चित्रं काढून देतो मी, एक पत्रक करा. दोन पानांवरचं, चार पानांवरचं, सहा पानांवरचं. पुढच्या वेळी कधी जाणार आहात?

भाची : पाऊस पडला की. पुढच्या आठवड्यात म्हणतायत, पण त्यांचं काही खरं नसतं.

मामा : मग चित्रं उद्याच करतो. आणि मला मोठी झाडं नकोत, लहान द्या.